सत्काराला आलेला बैल

सत्काराचं नाव काढलं की मला अजून घाम फुटतो. टोचणाऱ्या माणसाला जनावर वर्षानुवर्षं विसरत नाही, या माझ्या संशोधनासाठी पनवेलला माझा सत्कार होता. खांद्यावर शाल पडते न पडते तोच चिरनेरचे पाटील कौतुकाने बैल घेऊन मांडवात शिरले. प्रयोगासाठी ज्याला मी महिनोन्‌महिने सुया टोचल्या होत्या, तोच हा बैल. मला पाहताच त्याने शिंगं खाली घेतली. मी दोन पावलं मागे सरकले.

"पाटील, त्याला बाहेर न्या."

"घाबरू नका मॅडम. लय वर्सं झाली, आता त्याला काय आठवत नाय."

"विसरला असता, तर ही शाल मला कशाला मिळाली असती?"

पाटलांनी शालीकडे पाहिलं, बैलाकडे पाहिलं आणि कासरा हाताला गुंडाळत म्हणाले, "मॅडम, मंग पळा."