फ्रिजवरच्या चिठ्ठ्या

आपण फार समजूतदारपणे बोलतो, असा माझा समज होता. पुण्याहून अकोल्यात आलेल्या सुनेचे असे बरेच समज असतात म्हणा.

सोमवारी मला बँकेत परत रुजू व्हायचं होतं आणि आठ महिन्यांच्या लेकीला सांभाळायला बार्शीटाकळीच्या कांताबाई येऊ लागल्या होत्या. तोंडावर सूचना द्यायला मला संकोच वाटायचा, म्हणून मी फ्रिजवर चिठ्ठ्या लावायचे. ‘कृपया बाळाला घेण्यापूर्वी हात धुवावेत.’

तिसऱ्या दिवशी कांताबाई म्हणाल्या, “मी उद्यापासून येत नाई.”

मी विचारलं, “काही चुकलं का माझं?”

“तुमी मले काई बोलतच नाई. नुसत्या चिठ्ठ्या लावता. समोर माणूस असून कागदाशी काहून बोलता?”

घाबरून मी भडाभडा बोलून टाकलं, “मग ऐका! हात धुतल्याशिवाय पोरीला घ्यायचं नाही! आणि दात आला का बघायला तिच्या तोंडात बोट तर अजिबात घालायचं नाही!”

बोलून झाल्यावर वाटलं, संपलं, गेल्या ह्या.

कांताबाई चक्क हसल्या. “हां, आता कसं! आता माह्यं आयका. पोरगी रडली का तुमी मोबाइलात पाहता, काहून रडते म्हून. आधी उचला ना तिले!”

मी लगेच लेकीला उचललं. चिठ्ठ्या त्यांनीच काढून टाकल्या.

सोमवारी बँकेतून मी फक्त चार फोन केले. चौथ्याला त्या म्हणाल्या, “पोरगी मजेत हाय. तुमी जेवल्या काय?”