कॅमेऱ्यातला आवाज

दवाखान्याच्या बाकावर आपला नंबर यायची वाट बघणाऱ्या मालतीबाईंचे कान शेजारच्या नणंद-भावजयींकडं लागले होते.

"दाक्षायणी, तुझ्या भाकरीच्या कारखान्यात चंद्रिकाक्का पडली कशी गं?"

"कडक भाकऱ्या शेकता शेकता मधीच खाली बसली. मी घरून मोबाईलवर बघत होते की."

"मग?"

"कॅमेऱ्यातनंच ओरडले, कामाच्या वेळेत बसायचं न्हाय, उठा! धंद्याच्या कोर्सात तेच शिकवलं, मालकिणीनं कुटूनबी लक्ष ठेवायचं."

"उठली?"

"लगेच. अन् कोसळली. तितं असते तर तोंड बघूनच कळलं असतं, वैनी. पूर्वी तिच्या शेजारी उभी राहून शेकायचे, तवा ती दाक्षा म्हणायची मला."

"आता शुद्धीवर आली न्हवं?"

"आली. मला बघून धडपडायला लागली. म्हणाली, 'मॅडम, उठते की.'"