मोडलेला कान

अरे, इंग्लंडात रीडिंगला राहायला आल्यापासून मी एकाच माणसाशी भांडलो, आणि तो निघाला पैलवान! आमचा नवा शेजारी, बेलारूसचा. सलग तिसऱ्या दिवशी त्याची व्हॅन आमच्या ड्राइव्हवेसमोर आडवी. मी जरा आवाज चढवला, तर तो छातीला छाती भिडवून उभा राहिला.

"से इट अगेन," म्हणाला.

तेवढ्यात बाबा बाहेर आले. कोल्हापूरहून आलेत, वय चौऱ्याहत्तर. आले आणि त्यांनी सरळ त्याचा कान धरला!

"बाबा, सोडा! मारेल तो!"

बाबा मात्र शांतपणे त्याचा कान चाचपतायत. मग त्याचा भलामोठा पंजा वर आला. मी डोळेच मिटले. उघडले तर तो बाबांचा कान चाचपत होता. दोघांचेही कान कुस्तीत चुरगळून गड्डा झालेले.

"मिन्स्क," तो म्हणाला.

"कोल्हापूर," बाबा म्हणाले.

मग अर्धा तास पेव्हमेंटवर गप्पा, भाषांतराला मी. तो म्हणजे युरोपात कुस्तीत दोनदा ब्राँझ मिळवलेला माणूस. ऑलिंपिकच्या तोंडावर डावा गुडघा गेला आणि कुस्तीच सुटली. बाबांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. व्हॅन त्याने लगेच हलवली.

घरात आल्यावर मी म्हटलं, "चांगला आहे हो बिचारा."

"लई चांगला हाय," बाबा म्हणाले. "पण परत भांडायची येळ आली, तर डावा पाय धर."