शिक्का मारलेली प्रत

हॅलो?… हो, मातोद्झीच बोलतेय. बालवाडीच्या फोनवर दुसरं कोण असणार?… फुलू? अगं, इतका बारीक आवाज का? शेअर टॅक्सीत आहेस का?

सात वाजून दहा. का गं?… नाही, मुलं अजून यायचीत. व्हॅन साडेसातला येते, तुला ठाऊक नाही का? तुझीच लेक रोफिवा तर सगळ्यात आधी बसते तिच्यात. मी पेज ढवळतेय, शांडूमावशी ब्रेड कापतायत… बोल ना. कसलं पत्र?

प्रिटोरियाहून? ड्रायव्हरच्या चौकशीचं? आलं एकदाचं! पाच महिने लावले बाई त्यांनी… वाच की मग.

काय?

परत वाच. हळू… ‘सदर अर्जदाराचे नाव बालसंरक्षण नोंदवहीच्या ब भागात, म्हणजे मुलांसोबत काम करण्यास अपात्र व्यक्तींच्या यादीत, आढळले आहे’… पुढे?… ‘मुलांशी संबंध येईल अशा कोणत्याही कामावर’… थांब. थांब जरा. शांडूमावशी, पेजेखालचा गॅस बंद करा. अहो, करा म्हणते ना!

नाव काय आहे?… वेबस्टर… आडनावही तेच?… हो, पण त्या आडनावाची निम्मी वस्ती आहे डोंगरापलीकडे. दुसरा कुणी असेल. रडू नकोस, लोक ऐकतायत ना?… मग खिडकीकडे तोंड कर. ओळखपत्राचा नंबर दिलाय का खाली? थांब, मी फाइल काढते…

हं. वाच… एकसष्ट… हो… शून्य चार… हो… एकोणीस… पुढे… शेवटचे तीन सांग. शून्य, आठ, तीन.

तोच आहे.

मी आहे इथेच. नंबर पुन्हा पाहिला.

फुलू, पाकिटावर तारीख कधीची आहे?… नाही, पत्रावरची नको. तू टपालपेटीतून कधी काढलंस?… मंगळवारी? आज शुक्रवार आहे! तीन दिवस तुझ्या पर्समध्ये?… पाण्याचं बिल वाटलं म्हणे! मी तुझ्याकडे त्या पेटीची किल्ली कशाला दिली होती, फुलू?… बरं. बरं, ओरडत नाही.

नाही, मला तोंडच नाही ओरडायला. माझ्याकडे शिक्का होता गं! पोलीस ठाण्यातला, गोल, निळा. त्याच्या चौकशीच्या अर्जाची प्रत काढली, ठाण्यात नेली, साहेबांनी छाप मारली, सही केली. मी घरी आणून फाइलला लावली. मला वाटलं, झालं… काय लिहिलंय छापेत? थांब… ‘मूळ कागदावरून केलेली खरी प्रत.’ बस, एवढंच. माणसाबद्दल एक अक्षर नाही. रोज उघडते मी ही फाइल… मार्चमध्ये तपासणीच्या बाई आल्या होत्या, त्यांनी हेच पान उलटलं, शिक्का पाहिला आणि बरोबरची खूण केली. सगळ्याच बालवाड्या असं करतात. उत्तर यायच्या आधीच… हो, माहीत आहे. उत्तर येईपर्यंत कामावर घ्यायचं नसतं, माहीत आहे मला! कायद्यानं घेणाऱ्यालाही शिक्षा आहे. ते नंतर बघू.

आता ऐक. नाही, आधी तू ऐक. त्याला फोन करायचा नाही. नाही! व्हॅनमध्ये अकरा मुलं आहेत आणि गाडी घाटात आहे. त्याला कळलं की आपल्याला कळलंय, तर तो इथे येईल कशाला?… म्हणूनच म्हणते, नाही. रोज येतो तसा येऊ दे.

शांडूमावशी, तुमचा फोन घ्या. ठाण्यात लावा. म्हणावं, बालवाडीतून बोलतोय, व्हॅनचा ड्रायव्हर, प्रिटोरियाचं पत्र आलंय, गाडी पाठवा. साध्या कपड्यातले पाठवा म्हणावं. नाव नका घेऊ मोठ्यानं. मागच्या खोलीत जाऊन बोला.

हं, बोल… किती वाजता बसते? सव्वासहाला. वेळापत्रक मीच केलंय ना… त्यानंतरचं मूल चहामळ्याच्या फाट्यावर. सातला पाच कमी असताना.

चाळीस मिनिटं. हो. मीही तेच मोजतेय.

पुढच्या सीटवर? रोफिवा? कोण म्हणालं?… ती म्हणाली तुला? ‘वेबस्टरमामा मला पुढं बसवतो, बाकीच्यांना नाही’… कधी?… मग मला का नाही सांगितलंस?… नाही, खरं आहे. मीही हसलेच असते. शुक्रवारी सगळ्यांना तळलेले गोळे आणतो, टायर बदलताना गाणी म्हणतो. मला वाटलं, देवानं पाठवला. आपल्या चर्चमध्ये ढोल वाजवतो गं तो!

आपल्या आईला लावलास? रोफिवा तिच्याकडेच राहते, तिला विचार.… बंद? कालपासून वीज नाही तिकडे. शेजारच्या लिव्हुवानीला लाव… ती मळ्यात गेली असेल, तरी लाव. नंतर लाव, आत्ता माझा फोन ठेवू नकोस.

काय करतेस? पालकांच्या ग्रुपवर? नाही! फुलू, बोट काढ. काढ आधी!… कारण पत्रावर काय छापलंय वर? वाच… ‘गोपनीय.’ नाव फोडलं तर तुलाच आत टाकतील. आणि ते सोड. बाजारात पाच मिनिटांत जमाव होईल. मागच्या वर्षी तो मोबाइल चोरणारा, आठवतो? त्याच्या गळ्यात टायर घालून पेटवला होता ना? आणि आत्ता व्हॅन रस्त्यात अडवली तर मुलं आत आहेत. तुझी मुलगी आत आहे… पुसलास? सगळा? बरं.

काय झालं, शांडूमावशी?… ‘गाडी दुसऱ्या गावाला गेलीय, आली की पाठवतो.’ परत लावा. म्हणावं, मुलं त्याच्याबरोबर आहेत. मोठ्या साहेबांना द्या म्हणावं. रडा हवं तर. तुम्हाला छान जमतं.

सात पंचवीस… नाही, अजून नाही… फुलू, टॅक्सी थांबव. उतर आणि उलटी टॅक्सी धर, आईकडे जा सरळ… कामाचं राहू दे, तुझी दुकानमालकीण गेली खड्ड्यात.

श्श. हॉर्न. दोनदा.

आला. मी फोन चालू ठेवते. मध्ये बोलू नकोस. रडूही नकोस, ऐकू जाईल.

या, या! गुड मॉर्निंग, मामा!… हो, माझी बहीण आहे फोनवर. थोहोयांडूची. तिला काही काम असतं का, सकाळी सकाळी गप्पा… चला रे, एकेक उतरा. ढकलू नका. दफ्तर घे तुझं. दोन… चार… पाच, अरे, नाक पूस… सात… आठ, नऊ. ये गं. दहा.

मामा, रोफिवा कुठं राहिली?

अच्छा. खोकला. आजीनं ठेवून घेतलं म्हणालात. आजी स्वतः म्हणाल्या?… बरं बरं. गार हवा आहे नाही तरी.

मामा, किल्ली द्या ना जरा. मागे चटया टाकल्या होत्या, धुवायच्यात. तुम्ही आत बसा, चहा ठेवलाय. शांडूमावशी, मामांना चहा द्या! साखर चार. मुलांना मोठ्या खोलीत घ्या, कडी लावा, वारं येतंय.

…फुलू. तो स्वयंपाकघरात आहे. किल्ली माझ्याकडे आहे. मी व्हॅनपाशी आहे, आता बोल. काल रात्री आईशी बोललीस तेव्हा खोकला होता का तिला?… नव्हता?… रोफिवाशीच बोललीस? आणि ती गात होती.

होऊ शकतो गं, रात्रीतून होतो मुलांना. आई ठेवूनही घेते, तिला कारणच हवं असतं… कुठवर आलीस?… अजून अर्धा तास? टॅक्सीतल्या कुणाच्या फोनवरून लिव्हुवानीला लावलास?… उचलत नाही.

थांब. शांडूमावशी खिडकीतून खूण करतायत… गाडी निघाली म्हणतात. ठाण्यातून. वीस मिनिटं लागतील. सात एकोणचाळीस झालेत, मी हातावर लिहून ठेवते.

मी पुढचं दार उघडतेय. सीटखाली… काही नाही. तेलाचा कागद. आणि…

फुलू, तिची पिवळी टोपी. आईनं विणलेली. सीट आणि दाराच्या मध्ये… नाही, फक्त टोपी. काल गेटवर मीच घातली होती तिच्या डोक्यावर, जाताना. काल पडली असेल… असेल ना? ऐक, आठव. रात्री बोललीस तेव्हा आई काही म्हणाली का टोपीबद्दल? शोधत होती का? हरवली म्हणाली का? नसेल, तर टोपी आज सकाळी पडलीय, म्हणजे ती या गाडीत बसली होती.

फुलू? टोपीबद्दल काही म्हणाली का आई?… हॅलो?… फुलू?

हॅलो?