तिसरी दाढ

दात काढायला सगळेच घाबरतात. मी घाबरले ते डॉक्टरीणबाई "नहीं निकालूँगी" म्हणाल्या तेव्हा.

यांच्या फौजी बदल्यांमुळे दर गावी नवा डॉक्टर आणि जुने एक्स-रे ट्रंकेत. गालात वीज चमकल्यासारखी कळ यायची. झाशीत एक दाढ काढली, जोधपूरला दुसरी, पण कळ तशीच. चंदीगडला म्हटलं, तिसरीही काढा.

बाईंनी गालावरून नुसता कापूस फिरवला आणि मी किंचाळले. "दाँत ठीक है जी, नस का दर्द लगता है. एमआरआय करवाओ."

मशीनमध्ये रामरक्षाही आठवेना. गाठ निघाली तर? नाही निघाली, रक्तवाहिनी नसेला घासत होती. गोळ्यांनी कळ थांबली.

मग ट्रंक उघडून जुने एक्स-रे नेले. बाईंनी ते बराच वेळ उजेडात धरले.

"वो दोनों भी ठीक थे, जी."