बरगडीखाली, डावीकडं

(पोखर्णी, निजामी अमलातलं एक वर्ष, सकाळची वेळ. देवळामागच्या आळीतली सुनेत्रा चौदा महिन्यांच्या दिनूला कडेवर घेऊन गावाच्या टोकाला, बायनाबाई खाटकिणीच्या अंगणात आली आहे. परत फिरायचा विचार तिनं वाटेतच टाकलाय.)

बायनाबाई : न्हाई बाईसाब, तिथंच थांबा. सडा पडला न्हाई अजून, समदं रगत हाय हितं. काय पायजे ते सांगा, मी भाईर आनते.

सुनेत्रा : न्यायचं काही नाही. मला बघायचंय.

बायनाबाई : काय बघायचंय?

सुनेत्रा : बकरं उघडलंत ना आत्ता? त्याचं काळीज कुठल्या बाजूला असतं, ते.

बायनाबाई : देवा नरसिंगा. तुमच्या घरात लसून बी शिजत न्हाई म्हन्तेत, अन् तुमी काळीज बघायला आलाव?

सुनेत्रा : नाहीच शिजत. घरी सांगितलंय, शेजारच्या कावेरीकडं हळद मागायला जाते. वेळ थोडा आहे, बायनाबाई. दुपारी आश्रुबा यायचाय.

बायनाबाई : डाग देनारा आश्रुबा? ह्या लेकराला?

सुनेत्रा : पोटावर. पाच डाग, तापल्या सळईचे. आत्याबाईंनी कालच निरोप धाडला.

बायनाबाई : सासूबाईचं ठीक, जुनं मानूस. पर मालक काय म्हन्तेत?

सुनेत्रा : हे तहसीलदारांबरोबर दौऱ्यावर आहेत, पालमकडं. चार दिवस तरी यायचे नाहीत.

बायनाबाई : झालंय काय पर लेकराला? तोंड लय उतरलंय.

सुनेत्रा : महिना झाला, एक दिवसाआड ताप येतो. आधी हुडहुडी भरते, मग अंग चुलीसारखं, मग घामानं दुपटं भिजतं. मी कोळशानं भिंतीवर रेघा ओढत गेले, चौदा झाल्या. पोट फुगलंय, आणि बरगडीखाली टणक काहीतरी हाताला लागतं. अप्पाराव वैद्य म्हणाले, यकृत वाढलंय. म्हणजे काळीज. ह्या वयात यकृत वाढलं तर माझ्यापाशी औषध नाही, देवाच्या पायावर घाला. त्यावर आत्याबाई म्हणाल्या, औषध नसलं तर डाग आहे.

बायनाबाई : मग वैद्यानं सांगितल्यावर तुमी हितं काय करायलाव?

सुनेत्रा : वैद्यांनी नाही सांगितलं. मी सांगितलं.

बायनाबाई : म्हंजी?

सुनेत्रा : ते सोवळ्यात होते, हातात नैवेद्याचं ताट. दिनूला शिवायचं नाही म्हणून पायरीवरच उभे राहिले आणि मला विचारलं, हाताला काय लागतं? मी हैदराबादेत कॉलेजात शिकलेली. शरीराचं पुस्तक होतं आम्हाला, सगळं उर्दूत. जिगर म्हणजे यकृत, मग तिहाल, मेदा, गुर्दा. चित्रावर बोट ठेवून ठेवून पाठ केलं. त्या तोऱ्यात मी पटकन म्हणाले, यकृत लागतंय. बाजू त्यांनी विचारली नाही, मी बोलले नाही. शिकलेली सून, उगाच कशाला सांगेल? त्यांनी मान हलवली आणि देवळात गेले.

बायनाबाई : मग त्यात चुकलं काय?

सुनेत्रा : चुकलं का, तेच बघायला आले. काल संध्याकाळी ह्याला पुढ्यात निजवून काजळ घालत होते. कडं ह्याच्या डाव्या हातात, आणि मला मात्र ते माझ्या उजव्या अंगाला दिसत होतं. पुस्तकातला माणूससुद्धा असाच होता, आपल्याकडं तोंड करून उभा. जिगर कागदाच्या डाव्या बाजूला होतं, म्हणून मी डावं म्हणून पाठ केलं. परीक्षेत चित्रावर नुसती नावं लिहायची होती, ती सगळी बरोबर आली. पण ती बाजू माझी होती. त्या माणसाची नव्हती.

बायनाबाई : पुस्तकात बघा की मग परत.

सुनेत्रा : पुस्तक धाकट्या बहिणीला दिलं. ते हैदराबादेत आहे आणि आश्रुबा दुपारी येणार.

बायनाबाई : काळीज उजव्या अंगाला. त्याला पुस्तक कशाला पायजे? लग्न होऊन ह्या घरात आल्यापून काढायलेय मी.

सुनेत्रा : कोणाच्या उजव्या? तुम्ही टांगलेल्याकडं बघून सांगता. ते तर उलटं आहे, आणि तोंडही तुमच्याकडं.

बायनाबाई : आता मलाच गरगरायलंय, बाई. थांबा, खाली घेते. ह्या पोत्यावर. पोट वर, मान तुमच्याकडं, मागचे पाय तिकडं. आता खाली बसा अन् लेकरू मांडीवर घ्या. असं न्हाई, त्याची पाठ तुमच्या पोटाला लावा. हां. आता तुमचं, लेकराचं अन् बकऱ्याचं, तिघायचं उजवं एकाच अंगाला.

सुनेत्रा : तुम्ही कॉलेजात पाहिजे होतात.

बायनाबाई : कालेजात बकरं कोन कापू देतंय? बघा, हे काळीज. दिसायलंय ना? उजव्या बरगडीच्या आत दडलेलं.

सुनेत्रा : हात लावू?

बायनाबाई : तुमी? घरी जाऊन आंघूळ करावी लागंल, अन् वर बोलनी खावी लागतील.

सुनेत्रा : आंघोळ करीन. बोलणी रोजचीच आहेत.

बायनाबाई : मग घाला हात.

सुनेत्रा : गरम आहे अजून. किती गुळगुळीत. आणि जड. हे उजवीकडं. मग डावीकडं काय?

बायनाबाई : डावीकडं ही वजडी, समदा चारा हिच्यातच. अन् हिला चिकटून हे जिभंवानी चपटं हाय ना, ही तिल्ली. कोनी मागून घेत न्हाई, वाट्यात अशीच जाती.

सुनेत्रा : पाणथरी. प्लीहा. तिहाल म्हणजे हीच. दहादा लिहिलं असेल मी हे नाव, आणि आज पहिल्यांदा बघते.

बायनाबाई : आता लेकराचं बघा. हात पुसा आधी, दचकंल ते.

सुनेत्रा : उजवीकडं मऊ आहे. बरगडीच्या काठाखाली माझी बोटं आत जातात. आता डावा हात. इथं. हे इथं आहे, बायनाबाई. धारदार काठ लागतो, बेंबीच्या दिशेनं आलाय. डावीकडं आहे.

बायनाबाई : मग काळीज न्हवं ते. तिल्ली हाय. माझा भाचा सटवाजी, पूर्ण्याला रेल्वेच्या गँगवर हाय, त्याची अशीच वाढली हुती. असाच दिवसाआड ताप. परभनीला सरकारी दवाखान्यात कोयनेल दिलं, कडू जहर. महिन्याभरात फावडं घेऊन रुळावर गेला.

सुनेत्रा : हिवताप. पाणथरी वाढते ती हिवतापानं, हेही होतं धड्यात. चौदा रेघा माझ्या डोळ्यांपुढं होत्या आणि मी त्या एका नावाला धरून बसले. तीन आठवडे, बायनाबाई. तीन आठवडे कोयनेल मिळालं असतं ह्याला.

बायनाबाई : रडायचं असलं तर परभनीच्या गाडीत रडा. बाराच्या आत ठेसनावर पोचाय पायजे.

कमलबाई : सुनेत्रा.

बायनाबाई : घ्या. सासूबाई आल्या.

कमलबाई : कावेरीची हळद बरीच लांब ठेवायलेत वाटतं हल्ली. हात बघ तुझे.

सुनेत्रा : आत्याबाई, मी चुकले.

कमलबाई : ते दिसायलंय मला. साऱ्या आळीला दिसलंय. चल घरी, विहिरीवर आंघोळ कर, पोरालाही घाल.

सुनेत्रा : ह्याच्याबद्दल नाही म्हणत. वैद्यांना मी चुकीचं सांगितलं. दिनूचं यकृत वाढलेलं नाही, पाणथरी आहे. हिवतापाची. तिला औषध आहे, परभणीला मिळतं. मी दुपारच्या गाडीनं त्याला नेते.

कमलबाई : तीन आठवड्यांमागं यकृत म्हणालीस, आज पाणथरी म्हणतेस. उद्या काय म्हणशील? तू शिकलेली म्हणून मी तुझा शब्द धरला, वैद्यांनी धरला. आता आणखी कुठला शब्द धरू?

सुनेत्रा : माझा धरूच नका.

कमलबाई : आश्रुबाला सांगून झालंय. तुझ्या नवऱ्याच्या पोटावर चार डाग आहेत, तुलाही माहीत आहे. जगलाच ना तो?

सुनेत्रा : हे जगले. ह्यांच्या पाठचे दोघं?

बायनाबाई : बाईसाब, असं बोलू नये.

कमलबाई : बोलू दे तिला. कोणी सांगितलं तुला त्यांचं?

सुनेत्रा : ह्यांनीच. तुम्ही अजूनही श्रावणात दोन वाट्या वेगळ्या काढता ना, तेव्हा मी विचारलं होतं. उणंदुणं काढायचं नाहीये मला, आत्याबाई. तुमच्या हाताशी तेव्हा जे होतं, ते तुम्ही केलंत. माझ्या हाताशी गाडी आहे.

कमलबाई : आणि मी नाही म्हणाले तर?

सुनेत्रा : तरी जाईन. तुम्ही हो म्हणालात, तर वाटेत भीती कमी वाटेल एवढंच.

कमलबाई : एकटी बाईमाणूस, तापाचं पोर घेऊन.

सुनेत्रा : हैदराबादेहून एकटी येत होते सुट्टीला. परभणी काय लांब आहे? एकदा हात लावून बघा ना त्याला. वैद्यांनी लावला नाही, तुम्हीही लावलेला नाही. दुखेल म्हणून सगळे लांबूनच बघतात.

कमलबाई : इथं? खाटकाच्या दारात?

बायनाबाई : आईसाब, त्या दगडावर बसा, भाईरच हाय तो. सकाळीच धुतलाय.

कमलबाई : आण इकडं. ये रे राजा. किती हलका झालायस.

सुनेत्रा : पाठ तुमच्या पोटाला टेकवा. आता तुमचा उजवा हात त्याच्या उजव्या बरगडीखाली. हलकेच.

कमलबाई : मऊ आहे.

सुनेत्रा : आता डावा.

कमलबाई : अगं बाई. हे एवढं आहे?

सुनेत्रा : एवढं.

कमलबाई : आणि ह्याच्यावर मी सळई ठेवायला लावणार होते. गप रे, गप, काढला हात. बायना, गाडी किती वाजता असते?

बायनाबाई : बारा-साडेबाराला येती, आईसाब. कवा कवा उशीर बी करती.

कमलबाई : उशिराच्या भरवशावर राहायला नको. हे बघ सुनेत्रा, आश्रुबाला मी आज माघारी धाडते. फक्त आज. माधव दौऱ्याहून येईपर्यंत पोराला उतार पडला नाही, तर मी पुन्हा बोलावीन. तेव्हा मला अडवायचं नाही.

सुनेत्रा : तेव्हाही अडवीन.

कमलबाई : माहीत आहे मला. तोंडावर तरी हो म्हणायचं असतं. चल, आंघोळ कर, कपडे बदल. तोवर मी पेज बांधून देते त्याच्यासाठी. आणि डॉक्टरपुढं कुठलं नाव-बिव सांगू नकोस. आधी पोर त्याच्या हातात दे.