पन्नास टक्क्यांचं वाक्य

...सव्वा तास! तुम्हाला सांगतो, 'बर्फ' ह्या एका शब्दावर सव्वा तास! बाहेर गुडघाभर बर्फ, जज्जबाईंची गाडी फाटकातच रुतलेली, मीच जाऊन फावड्यानं मोकळी करून आलेलो, मोजे ओलेचिंब... आणि आत अकरा शिकलेली माणसं डोकं धरून बसलीत, की ज्युरीला द्यायच्या सूचनांमध्ये उदाहरण म्हणून 'बर्फ' लिहावं की नाही! विमा कंपन्यांचे वकील व्हिटकोंब, मऊ आवाजाचा माणूस, लोण्यातून सुरी फिरावी तसा बोलतो, "बर्फ म्हटलं की ज्युरीच्या डोळ्यांपुढे पडलेली म्हातारी येते हो. आमच्यावर अन्याय होतो." आणि पडलेल्यांच्या वकीलबाई प्रूएट, त्या टेबलावर हात आपटून, "येऊ दे की म्हातारी! पडतातच म्हाताऱ्या!" शेवटी काय ठरलं? 'पृष्ठभागाची निसरडी अवस्था'! म्हणजे एकतीस वर्षं मी काउंटीची बर्फ ढकलायची गाडी चालवली, तेव्हा रोज पहाटे उठून पृष्ठभागाची निसरडी अवस्था ढकलत होतो, आणि मला पत्ताच नाही! पण बोलणार कोण? मी आपला गप्प.

तसा मी सावकाश बोलणारा माणूस. आमची मार्था होती तेव्हा म्हणायची, "एल्डन, तुझं वाक्य संपेपर्यंत माझी भाकर भाजून होते." पण ज्युरीच्या सूचना लिहिणाऱ्या ह्या कोर्टाच्या कमिटीचं नाव काढलं की मला धाप लागते बघा. आठवी शिकलेला मी तिथं गेलोच कसा, असं तुम्ही विचाराल. विचारा ना! मीही स्वतःला दर महिन्याला विचारतो. सगळ्यांपुढे पितळी पाट्या, नाव, हुद्दा. माझ्यापुढे पाटी, 'जनता'. नाव नाही, गाव नाही... जनता! कॉफी संपली की ऑल्डस जज्जबाई प्रेमानं म्हणणार, "जनतेला विचारा, आणखी हवी का?"

मी गेलो ते लॉर्ना टीगमुळे.

लॉर्ना शाळेच्या स्वयंपाकघरात होती. गावातल्या निम्म्या पोरांना तिच्या हातचा मका आणि मांस खाऊन मिशा फुटल्या. तर ती धान्याच्या दुकानात कोंबड्यांचं खाद्य आणायला गेली, पायऱ्यांवर हा असा काचेसारखा बर्फ, तो वितळावा म्हणून टाकतात ते मीठ टाकलेलं नाही, आणि पडली. खुब्याचं हाड गेलं. तिनं दुकानावर दावा लावला, आणि ज्युरीतल्या सहा जणांत माझं नाव निघालं. वर मलाच म्होरक्या केलं. का? तर मी सगळ्यांत कमी बोलत होतो!

जजसाहेबांनी सूचना वाचल्या, चाळीस मिनिटं. चर्चमध्ये पाद्री चाळीस मिनिटं बोलला तर मधे गाणं तरी असतं. मग आम्हाला खोलीत घातलं, हातात एक कागद. कागदावर दोन रकाने: दुकानाची चूक किती टक्के, बाईची चूक किती टक्के. बेरीज शंभर. झालं! तिघं म्हणतात दुकानाची साठ, मीठ का नाही टाकलं? तिघं म्हणतात बाईची साठ, गुळगुळीत तळव्याचे बूट घालून खांद्यावर पोतं घेतं का कुणी? दुपार गेली, दिवस कलला, एक पोरगी रडायला लागली, एका दाढीवाल्याला गाईंची धार काढायची होती, तो घड्याळाकडे बघून गाईसारखाच हंबरायला लागला... आणि मी, मी, जो कधी बोलत नाही, तो बोललो. म्हटलं, "दोघांचंही चुकलं. अर्धं-अर्धं करू. बाईला निदान अर्धं तरी मिळेल."

काय आनंद झाला हो सगळ्यांना! दाढीवाल्यानं पाठ थोपटली. रडणारी पोरगी म्हणाली, "आजोबा, तुमच्यामुळे सुटलो." मी पन्नास-पन्नास लिहिलं, खाली सही केली, बाहेर आलो. कारकुनानं वाचून दाखवलं. लॉर्नाच्या वकिलानं कपाळाला हात लावला. लॉर्ना त्याला म्हणते, चांगली मोठ्यानं, "म्हणजे अर्धं मिळालं ना?" आणि तो म्हणतो, "नाही. काहीच नाही."

काहीच नाही! आमच्या राज्याचा कायदाच तसा. तिची चूक अर्धी किंवा अर्ध्याच्या वर भरली की हातात भोपळा. मी एकोणपन्नास लिहिलं असतं तर अर्ध्याहून जास्त मिळालं असतं. एक टक्का! आणि हे आम्हाला त्या चाळीस मिनिटांत कुणी, कुणी म्हणून सांगितलं नाही. सांगायचं नसतंच म्हणे! ज्युरीनं चूक मोजायची, पुढे काय होतं ते बघायचं नाही. अहो, मी गाडी चालवली एकतीस वर्षं, पुढे न बघता चालवली असती तर?

लॉर्ना काठी टेकत माझ्यासमोरून गेली. मी आपला गप्प.

नऊ वर्षं ते माझ्या पोटात राहिलं. तिला दुकानात लांबून बघितलं की मी दुसऱ्या रांगेत शिरायचो, लागत नसताना साबण घ्यायचो. घरात अजून साबण आहे. मग एक दिवस कोर्टाला चिठ्ठी लिहिली, आणि ऑल्डस बाईंनी मला कमिटीतच बोलावलं. मी खिशात एकच वाक्य घेऊन गेलो: 'तिच्या नावापुढे पन्नास किंवा जास्त लिहिलंत तर तिला काहीही मिळणार नाही.' बस. दाढीवाल्याला धार काढता काढता कळलं असतं.

व्हिटकोंब म्हणाले, "सुंदर! हृदयाला भिडतं. म्हणूनच चालणार नाही." प्रूएट बाई म्हणाल्या, "चालणार! आणि दोनदा हवं, ठळक अक्षरात!" आणि तिथला रिवाज असा की दोन्ही बाजूंनी मान डोलवल्याशिवाय एक शब्द पुढे सरकत नाही. मग दर महिन्याला माझं वाक्य टेबलावर यायचं. 'तिच्या' काढलं, कुणी पुरुषही पडू शकतो. 'पन्नास' काढलं, आकडा भडक दिसतो. 'काहीही मिळणार नाही' काढलं, कठोर वाटतं. मी बघतोय, एकेक पीस उपटताहेत, आणि तोंडावर म्हणताहेत, "एल्डन, तुमची कोंबडी किती छान!"

दोन वर्षांनी पक्कं झालं. ऐका: 'वादीच्या दोषांशाचे प्रमाण एकूण दोषाच्या निम्म्याइतके वा त्याहून अधिक आढळल्यास, वादीच्या वसुलीच्या हक्कावर कायद्याने विहित केल्यानुसार परिणाम संभवतो.' केक आणला! टाळ्या! जज्जबाईंच्या डोळ्यांत पाणी, "जनतेचं वाक्य!" मग मत घेतलं. अकरा हात वर. बारावा... सगळे माझ्याकडे बघताहेत, हसताहेत, केक कापलेला... तुम्ही काय केलं असतं? मी हात वर केला.

दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन लॉर्नाकडे गेलो. नऊ नि दोन, अकरा वर्षांनी. दारातच म्हटलं, "लॉर्ना, तो पन्नासाचा आकडा माझा होता."

"ठाऊक आहे," म्हणाली. "खाली सही होती ना. मी म्हटलं, येईल कधीतरी. तू बर्फाची गाडीसुद्धा अशीच हळू चालवायचास. बस. सफरचंदाचा पाय केलाय, खा." भट्टीतून नुकता काढलेला, वरचं आवरण खुसखुशीत, अजून गरम. मी ताटली बाजूला सरकवली. चष्मा लावून कागद वाचून दाखवला.

"परत वाच."

परत वाचला.

"म्हणजे काय रे?"

"म्हणजे पन्नास लिहिलं तर काही मिळत नाही."

"मग तसं लिहा की मेल्यांनो!"

"तसंच लिहिलं होतं."

"मग?"

"मग कमिटी झाली."

ती हसली, खुबा दुखेपर्यंत हसली. मग डोळे पुसले, काठी भिंतीला नीट टेकवून ठेवली, आणि हळूच म्हणाली, "आता पुढच्या लॉर्नालाही असंच होणार ना, एल्डन? कुणी तरी विरोध केला असेल की. एक तरी हात खाली राहिला असेल?"

मी आपला गप्प... आणि तुम्हाला सांगतो, दोन वर्षांत पहिल्यांदाच समोरच्या माणसाला सगळं एका दमात कळलं.